मंगळावर उघडलेलं पान

"चार किलोबाइटपेक्षा जड वेबपान मंगळावर पोचत नाही," मुजावर मॅडम म्हणाल्या. "यंत्रानं बनवलेलं तुमचं पान जड झालं म्हणून परत आलंय. आता हातानंच लिहायचं."

कलावती डुंबरे वाचनालयातल्या संगणकापुढे बसल्या. नारायणगावात त्यांची रोपवाटिका होती. मॅडमच्या वर्गात त्या दोन महिने वेबपान लिहायला शिकत होत्या. त्यांची लेक रेवती मंगळावरच्या वसाहतीत चाळीस माणसांची भाजी पिकवायची, आणि तिथली टोमॅटोची रोपं माना टाकत होती.

कलावतींनी मथळ्याची खूण टाकली, खाली रोपांच्या रोगाची माहिती लिहिली. रंग काढले, सजावट काढली. ओळख पटावी म्हणून जोडलेला रोगट रोपाचा फोटो मात्र जड होता.

"फोटो नाही गेला तर?"

"त्याच्या जागी तुमचं वर्णन दिसेल. बघणाऱ्याला कळेल असं लिहा."

त्यांनी लिहिलं, "खोड मातीलगत सुतासारखं बारीक, तपकिरी. शेंडा अजून हिरवा. अशी रोपं उपटा, बाकीच्यांचं पाणी तोडा, वारा खेळू द्या."

नवव्या दिवशी रेवतीचा निरोप आला. "आई, निम्म्याहून जास्त रोपं वाचली! तुझं पान इथं प्रत्येकाच्या पडद्यावर आहे. प्रमुखांनी विचारलं, इतकं नेटकं कुठल्या कंपनीनं लिहिलं? मी सगळ्यांदेखत सांगितलं, माझ्या आईनं."

कलावतींनी पान पुन्हा उघडलं. लेखकाचं नाव त्यांनी संकोचून लिहिलंच नव्हतं. आता तळाशी पूर्ण नाव लिहून त्या मॅडमकडे वळल्या.

"हे जरा ठळक कसं करायचं?"