रोज दारात सांगतो ते

तिसराही शब्द पेटीने नाकारला, तेव्हा काकूंनी कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“अजून दोन संधी आहेत,” शेजारी बसलेली तंत्रज्ञ म्हणाली. “पाच चुका झाल्या की सगळं पुसलं जातं, काकू. सावकाश होऊ द्या.”

ग्रंथालयाच्या तळघरातली ही खोली काकू आज पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांचा नवरा बारा वर्षं इथे बसला. बाहेरच्या कुणी ग्रंथालयाच्या संगणकांत घुसू नये म्हणून राखण करणारी सुरक्षा पेटी त्याने पोटच्या पोरासारखी सांभाळली. त्याला जाऊन दीड महिना झाला होता. पेटी बिघडली, असं तंत्रज्ञने फोनवर सांगितलं. नवी आणली आहे, पण जुने नियम आणि नोंदी तिच्यात भरायच्या तर सरांची बॅकअप प्रत उघडायला हवी, आणि तिच्यावर पासवर्ड. सोबत सरांनी खूण तेवढी लिहिलीय: ‘रोज दारात सांगतो ते.’

पहिले दोन फोन काकूंनी टाळले. दीड महिन्यात त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. दूधसुद्धा शेजारीण आणून द्यायची. तिसऱ्यांदा तंत्रज्ञ म्हणाली की सरांची बारा वर्षं वाया जातील. तेव्हा कुठे काकूंनी कपाटातले घडीचे कपडे काढले.

‘येतो’, ‘दार लावून घे’, ‘उशीर होईल’. तिन्ही फसले होते.

“आणखी काय म्हणायचे हो सर दारात?”

“डबा विसरलो म्हणायचे.”

दोघी हसल्या. आपलंच हसू काकूंना परकं वाटलं, ओसाड अंगणात अवचित पाखरू उतरावं तसं.

आणि मग आठवलं. जिना उतरता उतरता, मागे न बघता तो म्हणायचा, काळजी घे. इतकं रोजचं, की ऐकूच येईनासं झालेलं. काकूंनी ते दोन शब्द लिहिले. पेटीने तेही नाकारले.

आता एकच संधी. बारा वर्षं त्या एका संधीवर टांगलेली. राहू दे, माझ्या हातून नको पुसायला, असं काकू म्हणाल्या. तंत्रज्ञने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

पाणी पिता पिता काकूंनी लिहिलेलं मनातल्या मनात पुन्हा तपासलं. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई. सवय जाते थोडीच. काळजी, दीर्घ. घे. अगदी शुद्ध.

शुद्ध! तिथेच तर गोची होती.

नवऱ्याचं आणि दीर्घ वेलांटीचं जन्मात जमलं नाही. फ्रिजवरच्या त्याच्या चिठ्ठ्या त्या लाल पेनाने सुधारायच्या आणि तो म्हणायचा, “अगं, लांब वेलांटी काढेपर्यंत बस जाते माझी.”

काकूंनी आजवर चुकीची वेलांटी हातून सुटू दिली नव्हती. त्यांनी श्वास घेतला आणि जाणूनबुजून, अक्षर न् अक्षर जपत, अशुद्ध लिहिलं: ‘काळजि घे’.

दिवा हिरवा झाला.

आधी नियम परत आले, मग नोंदी. एका नियमाशेजारी त्याचा शेरा होता: ‘हे दार उघडू नये. उघडलंत तर माझ्या बायकोशि गाठ आहे.’ काकू डोळे पुसत हसत राहिल्या. तंत्रज्ञने अदबीने विचारलं, या शेऱ्यांचं शुद्धलेखन तपासायला रोज थोडा वेळ याल का? “बघू,” काकू म्हणाल्या, आणि जरा थांबून, “उद्या जाड भिंगांचा चष्मा आणते.”

तंत्रज्ञ वर कळवायला गेली. नवऱ्याची कामाची रोजनिशी सगळ्यांत शेवटी परत आली. काकूंनी शेवटचं पान उघडलं. दवाखान्यातल्या खाटेवरून, तंत्रज्ञसाठी लिहिलेलं:

‘मि गेल्यावर हि घराबाहेर पडायचि नाहि. महिनाभर थांब, मग पेटि बिघडलि म्हणून बोलव. पाच चुकांत सगळं पुसलं जातं अशि थाप मार, म्हणजे मन लावून आठवेल. पासवर्ड तुझ्याकडे आहेच. तिला मात्र सांगू नकोस.’