अकरा तक्रारी

"अकरा वेळा बंद पडली. अकराच लिही, एकही कमी नको," हिंमतराव म्हणाले.

समीक्षाची बोटं कीबोर्डवर थांबली. रविवारी कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. नांदुऱ्यातलं मंगल कार्यालय ठरलं होतं, जेवणाचा बेत ठरला होता, आणि स्मरणिका चार वाजेपर्यंत खामगावच्या छापखान्यात पोचायला हवी होती. त्यातलं 'आमचा इतिहास' हे पान नातीच्या वाट्याला आलं होतं. कारखाना आता तिचे वडील अविनाश चालवत. पहिलं वाक्य त्यांनीच देऊन ठेवलं होतं : रेल्वे फाटकाची आमची घंटा पहिल्या दिवसापासून कधीही बंद पडली नाही.

"आबा, रेल्वेचे साहेब येनार हायेत. कोनी आपल्याच स्मरणिकेत आपल्याच तक्रारी छापते का?"

"खोटं छापलं तं मी स्टेजवर बसनार नाही. तो हार तुह्या पप्पाच्याच गळ्यात टाका."

आबांचा हा सूर घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. ते खरोखरच घरी बसले असते, वर त्या दिवशी मुद्दाम पिठलं मागून खाल्लं असतं. पण ज्यांनी कारखाना उभा केला त्यांच्याविनाच त्याची पन्नाशी साजरी करायची, हे समीक्षाला कसंसंच वाटलं. तिने वडिलांचं वाक्य पुसलं आणि म्हणाली, "बरं, सांगा मंग सगळं."

सगळं म्हणजे तिला पाठच होतं. हिंमतराव तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचे. गावाबाहेरच्या फाटकावर फाटकवाला हातात पितळी घंटा घेऊन भर उन्हात उभा असे. हिंमतरावांना ते बघवेना. त्यांनी बॅटरीवरची घंटा तयार केली. फाटक खाली यायला लागलं की ती आपोआप वाजे. रेल्वेच्या साहेबांनी ती पाहिली आणि वर्षभर चालवून बघायला परवानगी दिली.

पंधरा दिवसांत निरोप आला, घंटा बंद. हिंमतराव सायकल हाणत गेले. खांबावरच्या डब्यातला एक नट ढिला झाला होता आणि वायर निसटली होती. त्यांनी नट आवळला. महिनाभराने पुन्हा निरोप, पुन्हा तोच नट. त्यांनी नटावर नट बसवला, तोही ढिला. रेल्वेगाडीच्या धक्क्याने होत असेल म्हणून खांब एक हात मागे सरकवला. तरी तेच. वर्षभरात अकरा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी ते पोचेपर्यंत बिचारा फाटकवाला हाताने घंटा वाजवत उभा.

फाटकवाल्याची मुलगी अन्नपूर्णा त्यांना गवती चहा करून द्यायची. हिंमतराव चहा प्यायचे आणि बघायचे नटाकडे. अशा माणसाची सोयरीक जमावी तरी कशी? पण जमली. मुलीच्या बापानेच एक दिवस कपाळावर हात मारून विषय काढला, तेव्हा कुठे.

त्या अकरा तक्रारींवरून हिंमतरावांनी कानाला खडा लावला. कारखान्यातली कोणतीही घंटा हजार वेळा वाजवून पाहिल्याशिवाय बाहेर जायची नाही, असा नियम केला आणि पन्नास वर्षं पाळला. शेजारच्या मास्तरांनी घर बदललं. समोरच्या बनाबाई पाहुण्यांशी खुणांनी बोलायला शिकल्या. पण माल असा निघाला की आसपासच्या फाटकांवर त्यांच्याच घंटा, त्यांचेच लाल दिवे, त्यांचेच भोंगे दिसायला लागले. एवढा काटेकोर माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, असं लोक म्हणत.

हिंमतरावांना मात्र ती स्तुती टोचायची. मागे ते जुनं फाटक बंद होऊन रुळांखालून रस्ता निघाला, तेव्हा पहिली घंटा रेल्वेने आठवण म्हणून परत दिली. अविनाशने ती ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवली. हिंमतराव त्या कपाटाकडे पाठ करून बसायचे.

"पन आबा, बाराव्यांदा काऊन नाही बिघडली?" समीक्षाने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"पितळी वायसर टाकला ना त्या नटाखाली. मंग नाही पडला ढिला. तेवढं एकच काम मले जमलं." हिंमतरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पण ओले डोळेच झाले होते. "हे लोकं मले हार घालनार. अन् मले एक नट आवळता आला नाही, समीक्षा. पहिल्याच कामात मी नापास झालो. तेवढं लिही अन् दे धाडून."

दाराशी अन्नपूर्णाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा ऐकली होती, आणि दर वेळी पदराआड हसल्या होत्या. नवऱ्याला ती इतकी आत लागली असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. सत्तरीतल्या बाईचे कान लाल झालेले समीक्षाने पहिल्यांदाच पाहिले.

"त्या वायसरचं नाव नको लिहू, माय," त्या म्हणाल्या. "वायसरनं काही नाही झालं. माह्यं लगन होऊन मी इकडं आली, मंग तो नट ढिला करायले तिथं कोनी राह्यलंच नाही."