शिकारीच्या दिवशीची सभा

गव्हर्नर लोवेल एंगस्ट्रँडने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलमध्ये डोकावून पाहिलं आणि झटकन मान आत घेतली.

"मार्सी, आत माणसं आहेत."

"असतील की चारदोन," त्याची प्रचारप्रमुख मार्सी फोनवरून नजर न काढता म्हणाली.

"उभं राहायला जागा नाही."

मार्सीने स्वतः पाहिलं. मग ती खालच्या आवाजात जे पुटपुटली, ते प्रचारप्रमुखांनी माइकजवळ बोलायचं नसतं.

सभेचा दिवस तिनेच निवडला होता. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. या दिवशी केलर्स लँडिंग गावात लग्न ठेवत नाहीत. कुणी गेलंच तर पुरायचंही सोमवारवर ढकलतात. अख्खं गाव, बायका आणि पाद्री धरून, नारिंगी जाकिटं घालून पहाटेच रानात जातं. अशा दिवशी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहायचं, इथल्या हॉस्पिटलचा प्रसूती विभाग बंद होणार हे हळहळत सांगायचं, कॉफी प्यायची आणि निघायचं. 'लोकांशी चर्चा केली' असं म्हणायला मोकळे.

तिजोरीत एकच प्रसूती विभाग चालवण्यापुरते पैसे होते. ते ब्रायसन गावच्या हॉस्पिटलला द्यायचे, हे ठरून गेलं होतं. ब्रायसनची मतं हक्काची होती, आणि गव्हर्नरपदाच्या मंगळवारच्या मतदानात दोन्ही उमेदवारांमध्ये केसाइतकं अंतर होतं. हरला तर लोवेलला बायकोच्या भावाच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसावं लागणार होतं. मेव्हण्याने खुर्ची आणूनही ठेवली होती.

"शिकार सोडून आलेत हे लोक," लोवेल म्हणाला. "शिकार सोडून, मार्सी!"

"आधी फुटबॉलचं बोल. काल रात्री इथली पोरं जिंकलीत."

लोवेल मंचावर गेला. टीव्हीवाल्यांचा दिवा लागला. सभा राज्यभर थेट दिसत होती.

"काल आपल्या बीव्हर्सच्या पोरांनी काय खेळ केला, वा!" तो हात उंचावून म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी नाक शिंकरलं.

तीस वर्षांच्या राजकारणात लोवेलने शिव्या खाल्ल्या होत्या. एकदा अंगावर मक्याचं कणीसही आलं होतं. पण फुटबॉलच्या विजयावर गप्प बसणारी सभा त्याने पाहिली नव्हती. यांचा राग हाडापर्यंत गेलाय, हे त्याने ओळखलं.

पहिल्या रांगेतला एक दाढीवाला तरुण उठला. कडेवर लहान मूल होतं.

"मी कोडी हाउगे. हिचा जन्म नदीवरच्या पुलावर झाला, गव्हर्नरसाहेब. धुक्यात, ट्रकच्या सीटवर. नाळ बांधायला माझ्या बुटाची नाडी होती. इथला विभाग बंद झाला, तर पुढचं कुठे व्हायचं?"

"पुढचं कधी आहे?" लोवेलने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने कोटाची बटणं सोडली. उत्तर समोरच होतं.

"तुमच्या घरच्या बायका कुठे बाळंत होतात हो?" कुणीतरी ओरडलं. "विमानात?"

हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. मग एक म्हातारी काठी टेकत उठली. वर्ना दुसेक नाव. जन्मभर सुईणपण केलेली.

"पोरा," ती साठीच्या गव्हर्नरला म्हणाली, "माझ्या हातांना आता कंप सुटलाय. नाहीतर तुझ्या दारात पदर पसरायला आले नसते. हो म्हणतोस की नाही, तेवढं सांग. भाषण नको."

लोवेलने मार्सीकडे पाहिलं. ती मान जोरजोरात आडवी हलवत होती. त्याने हॉलकडे पाहिलं. भिंतीला टेकलेली माणसं, खिडकीच्या कठड्यावर बसलेली माणसं, दारात टाचा उंचावलेली माणसं. रान सोडून आलेली माणसं मतदान चुकवत नसतात.

"हो," तो म्हणाला. "विभाग इथेच राहील. ब्रायसनला मी समजावीन. हा माझा शब्द आहे, आणि सगळं राज्य तो ऐकतंय."

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. कोडीने लेक लोवेलच्या हातात दिली. तिने गव्हर्नरच्या टायवर दूध काढलं, आणि टीव्हीवाल्यांनी तेही टिपलं.

स्वयंपाकघराच्या दारात मार्सीचे दोन्ही फोन वाजत होते.

"ब्रायसनहून. शिव्या देतायत. गेलं ते गाव."

"जाऊ दे. इथली गर्दी पाहिलीस ना? तिथली मतं इथे भरून निघतील." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कैक वर्षांनी आपण काहीतरी बरं केलं, आणि तेही फायद्याचं निघालं, असं त्याला वाटत होतं.

वर्ना लिंबाच्या वड्यांची बशी घेऊन आली. त्याने तिचा कापरा हात दोन्ही हातांत धरला.

"आजी, मंगळवारी मला विसरू नका हं. इथल्या सगळ्यांना सांगा."

"इथली कुठे, पोरा? इथली सगळी पहाटेच रानात गेली. आम्ही नदीपलीकडच्या राज्यातले. आमच्या गव्हर्नरने आमचं हॉस्पिटल गेल्या साली बंद केलं, तेव्हापासून इकडेच येतो." तिने एक वडी त्याच्या तोंडाशी धरली. "मंगळवारी मत त्यालाच देऊ. कितीही झालं तरी आपला माणूस आहे."