सोनेरी बाण

दोन वर्षं राबून आमच्या कंपनीनं बनवलेला नवा गेम मी बाबांना मोठ्या कौतुकानं लावून दिला. राक्षस, किल्ले, जादू, सगळं आहे त्यात. शिवाय पुढं कुठं जायचं ते दाखवणारा एक सोनेरी बाण सतत डोक्यावर तरंगत असतो. तो बाण माझ्या हातचा. बाबांनी दहा मिनिटांत गेम बंद केला आणि पुन्हा आपला पंचवीस वर्षांपूर्वीचा, ठोकळ्यांसारख्या माणसांचा गेम उघडला. त्यात एक म्हातारी एकदाच सांगते, "जळक्या झाडापासून ओढ्याकाठानं जा," आणि गप्प बसते. बाबा तीन दिवस ते झाड शोधतायत. वहीत नकाशे काढतात काय, खोडतात काय!

"बाबा, त्या जुन्या डबड्यात आहे तरी काय एवढं?" माझं डोकंच फिरलं. "माझ्या गेममध्ये माणूस रस्ता चुकतच नाही!"

"तेच तर," पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेले बाबा म्हणाले आणि पिशवी घेऊन दूध आणायला निघाले.

मी वैतागून माझा फोन उघडला. बाबा कुठं आहेत ते मला त्यावर दिसतं. मीच तशी सोय करून ठेवलीय. निळा ठिपका कोपऱ्यापर्यंत गेला आणि चक्क उजवीकडं वळला. मी ताबडतोब फोन लावला.

"बाबा, डावीकडं! दुकान डावीकडं आहे!"

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

"अगं बाई, तुझा गेम बंद केलाय ना मी?"