ओळखीचा पत्ता

फिजीतल्या सुवा शहरातल्या बोट कंपनीत फालतू मेल अडवणारी चाळणी लितिया सांभाळायची. तिनं चाळणी कितीही घट्ट केली, तरी एक अनोळखी मेल रोज दुपारी तिच्यापर्यंत यायचाच. त्यात एकच ओळ असायची: ‘आज एकटी आहेस का?’

“जावई करून घेतलंस की काय त्याला?” शेजारचा विलिमोनी हसला. “रोज सरळ घरात शिरतोय!”

“जेवून ये तू. तोवर बंदोबस्तच करते त्याचा,” लितिया वैतागून म्हणाली.

विलिमोनी सगळ्यांबरोबर जेवायला गेला. उकडलेल्या कसाव्याचा डबा मांडीवर घेऊन लितियानं चाळणीची नोंद उघडली. मेल आत का सोडला, त्याचं कारण तिथं होतं: ‘ओळखीचा पत्ता. लितियानं याला दोनशे चौदा उत्तरं पाठवली आहेत.’

तिनं तर एकही पाठवलं नव्हतं.

घाईघाईनं तिनं आपल्या पाठवलेल्या मेलची यादी काढली. उत्तरं होती. प्रत्येकाखाली, ती नेहमी फिजीयन भाषेत आभार मानून लिहायची तसंच, ‘विनाका, लितिया’. आणि दोनशे चौदा वेळा एकच शब्द: ‘नाही.’

ती बघत असतानाच यादीत वर एक नवी ओळ उमटली.

‘हो. सगळे जेवायला गेलेत. ये. विनाका, लितिया.’

तिचे दोन्ही हात अजून मांडीवरच्या डब्यावरच होते.