कर्णिकबाईंची फणी

"हात पुढे!" कर्णिकबाई म्हणाल्या आणि पहिलीच्या मुलींचे हात एकदम पुढे झाले.

ठाण्यातल्या त्या मुलींच्या शाळेत प्रार्थना संपली की तपासणी. नखं, कान, केस. दाराशी 'पालकांस सूचना' अशी पाटीच टांगलेली होती. केस विंचरून दोन वेण्या घालाव्यात, विनाकारण खाडा करू नये, मुलीला देवी टोचलेल्या असाव्यात, घरात देवी किंवा गोवर असेल तर मुलीला घरीच ठेवावं. नियमांच्या बाबतीत बाई सख्ख्या भावालाही ओळख देत नसत. त्यांची चार वर्षांची उत्तरा मात्र, घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून, वर्गात टेबलापाशी बसायची. आणि सुई पाहून टाहो फोडला म्हणून देवी टोचणाऱ्या डॉक्टरांच्या हातून ती दोनदा सुटली होती. आपला तो बाब्या! पुढच्या खेपेला नक्की टोचू, अशी बाई स्वतःचीच समजूत घालत.

रांगेच्या शेवटी गोदा उभी होती. मिठागराकडच्या वस्तीवरची. केसांचं नुसतं घरटं झालं होतं.

"हे काय गं? आईला वेळ नाही का तुझ्या?"

"आय बोलली, फनी लावाची नाय."

"का म्हणून?"

गोदानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

बाईंचा पारा चढला. मागच्याच आठवड्यात पोरीनं खाडे केले होते, तेव्हा तिच्या आईला, आवडाबाईला, त्यांनी दारातच उभं करून बजावलं होतं, पुन्हा खाडा झाला तर नाव काढून टाकीन. त्याचा परिणाम हा! पोरगी आली, पण अशी. तरी तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना राग काही धरवेना. त्यांनी टेबलाच्या खणातून स्वतःची फणी काढली, तिला पुढ्यात बसवलं आणि गुंता सोडवायला घेतला. केसांत कडुनिंबाचं पान अडकलं होतं, ते खिडकीबाहेर टाकलं. सगळा वेळ गोदा डोळे मिटून, अंग चोरून बसली होती. पाठीत आता कोणाचा तरी रट्टा बसणार, तशी.

"घाबरतेस काय? झालं हं," बाई म्हणाल्या आणि तिच्या वेण्यांना लाल फिती बांधल्या.

"मला पण!" उत्तरानं गाल फुगवले. दुसऱ्या मुलीचे लाड तिला कसे बघवणार? बाई हसल्या. त्याच फणीनं त्यांनी लेकीच्याही वेण्या घातल्या.

मधल्या सुट्टीत गोदाशेजारी आज मुली जेवायला बसल्या होत्या. एरवी तिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासानं सगळ्या नाक धरून लांब पळायच्या. आज डब्यात नुसता भात आणि वर पांढरंफटक वरण होतं.

"अगंबाई, आज मासळी नाही वाटतं?" बाईंनी थट्टेनं विचारलं.

"नाय. घरान फोडनी बंद हाय." गोदानं घास गिळला. "माज्या भावाच्या, रघूच्या अंगावर देवी आयलीय."

बाई हसत होत्या, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. शाळेच्या आवारात एकच झाड होतं, बदामाचं. कडुनिंब कुठेच नव्हता. पोरीच्या केसांतलं ते पान आजाऱ्याच्या अंथरुणावरूनच आलं होतं.

त्यांनी गोदाला व्हरांड्याच्या टोकाला एकटीला बसवलं. उत्तराला ओढत नळापाशी नेलं आणि तिचं डोकं धारेखाली धरलं. पोर गुदमरून रडायला लागली तरी त्यांचा हात थांबेना. मग त्यांनी तिच्या झग्याची बाही वर केली. दंड गोरा, गुळगुळीत होता, टोचल्याचा एकही व्रण नसलेला. बाईंना रडूच कोसळलं.

शाळा सुटायच्या वेळी आवडाबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला काय काय सुनवायचं ते बाईंनी दुपारभर मनात घोकलं होतं. पाटीवरचा नियम दिसत नाही का? इतक्या लेकरांच्या जिवाशी खेळतेस? तावातावानं त्या तिच्यासमोर गेल्या.

पण आवडाबाईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती लेकीच्या लाल फितींकडे बघत होती.

"बाय, हिला फनी कोनी लावली?"

"मी लावली. आणि तू हिला पाठवलीस कशी? घरात देवी असताना?"

"तुमीच बोलल्या ना, खारा झाला त नाव कापीन." आवडाबाईनं फिती ओढून काढल्या, वेण्या सोडल्या आणि ती बोटांनी केस पुन्हा विस्कटायला लागली. "रघूनं आज सकाली डोले उघरले. देवी शांत होत आयलेली. घरान कोनाचे केसाला फनी नाय, चुलीवर तेल नाय. आनि तुमी फनी लावली. आता देवी कोपली त?"

बाईंनी नकळत उत्तराला पदराआड ओढलं.

तेवढ्यात ओल्या केसांची उत्तरा आईच्या पदराआडून पुढे आली. "आईनं माझ्या पण वेण्या घातल्या. त्याच फणीनं."

आवडाबाईचे हात थांबले. तिनं त्या पोरीकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. तिच्या डोळ्यांतला राग कुठच्या कुठे गेला, आणि जे राहिलं ते बाईंना बघवेना.

तिनं कमरेला खोचलेली कडुनिंबाची डहाळी काढली. ती रघूसाठी होती. तिचे दोन तुकडे करून त्यातला एक तिनं बाईंच्या हातात ठेवला.

"दाराला लावा, बाय," ती हळूच म्हणाली.

ती गोदाचा हात धरून मिठागराच्या वाटेला लागली. मुली हसत, ढकलाढकली करत बाहेर पडत होत्या, 'येते बाई, येते बाई' म्हणत होत्या. एका हातानं कर्णिकबाईंनी लेकीला पोटाशी धरलं होतं, आणि दुसऱ्या हातातली डहाळी त्यांनी टाकली नाही.