जास्तीचं तूस

शेगडी पुन्हा धूर ओकायला लागली तेव्हा दामूने हातातला पाना जमिनीवर आपटला.

शेगडी त्यानेच बनवली होती. पिरंगुटच्या वर्कशॉपात, सुट्टीच्या दिवशी, बहिणीसाठी. खाली पत्र्याचं पिंप, वर भाताच्या तुसाची पेटी आणि दोघांच्या मध्ये उतरता गळा. गळ्याला एक झडप. तूस आपोआप थोडंथोडं घसरायचं, जळायचं. कुणी सारखं घालत बसायला नको. इंदूबाईच्या शेडमधली दोनशे पिल्लं त्या उबेवर होती. चार दिवसांची पिल्लं. आज सकाळपासून मात्र पेटी एकदम ओतत होती. पिंपातल्या जाळीवर तुसाचा ढीग, खाली गुदमरलेला विस्तव आणि शेडभर धूर. अकरा पिल्लं मेली होती.

"काल ठीक हुती?" दामूने विचारलं.

"काल सांजंपत्तुर ठीक हुती. सकाळी दाजी तुजे पहिल्या पाळीला गेले, मी भाकरी थापाया बसले, आन् आले तर ह्ये असं."

दामूने ढीग उपसला. झडप दोन बोटांवरून एका बोटावर आणली. विस्तव लाल झाला. तो अर्धा तास उकिडवा बसून बघत राहिला. तूस शिस्तीत उतरत होतं. तो हात धुवायला विहिरीवर गेला, परत आला, तर ढीग पुन्हा तसाच.

"तूस लई वाळलं आसंल," तो म्हणाला. त्याने तुसावर पाणी शिंपडलं, तर गळा तुंबला. पेटीचा उतार कमी केला, तेव्हा काही काळ बरं चाललं. चहा प्यायला तो ओट्यावर जाऊन आला, तर पुन्हा धूर.

"मी बगतोय तवर शहाण्यावानी ऱ्हातीया," दामू म्हणाला. त्याला आपल्या हातांचाच भरवसा वाटेनासा झाला होता. कंपन्यांच्या मोठाल्या टाक्या जोडणारा माणूस तो. एका पिंपाचं कोडं सुटत नव्हतं. "आक्का, माजं डोकं चालंना बग."

पिल्लांचंही काही कळत नव्हतं. गारठली की ती शेगडीला चिकटतात, तापली की लांब पळतात. आत्ता निम्मी इकडे दाटली होती, निम्मी पलीकडच्या भिंतीला.

इंदूबाई शेडच्या मागून गोणपाट आणायला गेली. कुडाच्या फटीतून तिची नजर आत गेली आणि ती थांबली. दामू गोणपाट घ्यायला तिच्या मागोमाग आला होता. तिने त्याला हाताने गप्प केलं.

आत तिचे सासरे होते, कुशाबा. ते रोज शेडच्या दाराशी खाटेवर बसून असत, म्हणून कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. कुशाबांनी झडप पार वर उचलली, सळईने पेटीवर दोन टोले घातले, तूस धो धो पडलं. मग मेढीला टांगलेल्या थर्मामीटरकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मान हलवली आणि आणखी दोन टोले घातले.

दामू धावत आत गेला. "आबा! काय चालवलंय? आकरा पिल्लं मेली तुमच्यापायी!"

कुशाबा दचकले. सळईकडे पाहिलं, मग दामूकडे. त्यांना तो ओळखू आला नाही. तासाभरापूर्वी त्याच्याच जयभीमला त्यांनी हसून जयभीम केला होता.

"पिल्लं?" ते म्हणाले. "गाडीत पिल्लं कुणी भरली?"

दामू पेटीच्या आड येऊन उभा राहिला.

"बाजूला हो. वाफेचा काटा पडलाय. शिंदवण्याचा घाट हाय म्होरं. वाफ न्हाई धरली तर गाडी मागं येईल. मागं माणसं बसल्यात."

एकतीस वर्षं त्यांनी मिरजेच्या गाडीला इंजिनावर कोळसा मारला होता. इंदूबाईला ते ठाऊक होतं. पण ते सगळं मागे पडलं असं तिला वाटत होतं. गेल्या दिवाळीपासून ते नावं विसरत होते, जेवल्याचं विसरत होते. हे तेवढं राहिलं होतं.

दामूने सळई हिसकायला हात पुढे केला. कुशाबांनी ती छातीशी धरली. त्यांचे डोळे भेदरलेले होते, शेवटच्या डब्यापर्यंत जबाबदारी असलेल्या माणसाचे असतात तसे.

"ऱ्हाऊ दे," इंदूबाई म्हणाली. ती सासऱ्यांच्या जवळ गेली. मग ती म्हणाली, "आबा, घाट सरला."

"सरला?"

"व्हय. आत्ताच. आता उतार हाय."

कुशाबांनी कान दिला. मग त्यांनी आपल्या हाताने झडप खाली केली, सळई पिंपाला टेकवली आणि शेगडीपासून चार पावलं मागे सरून भुईवर बसले. खांदे सैल पडले.

दामूने ढीग उपसला. धूर हळूहळू दारातून निघून गेला. पिल्लांची दाटी मोडली, एकदोन दाणे टिपायला लागली. इंदूबाईने पदराने सासऱ्यांच्या कपाळावरची काजळी पुसली.

"नीरेला इंजनात पाणी घ्यायचंय," कुशाबा म्हणाले. "किती येळ थांबंल गाडी?"

इंदूबाईला ते काही ठाऊक नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं.

दामू गुडघ्यांवर होता, कोपरापर्यंत काळा. त्याने मान वर केली.

"तुमी सांगाल तवर, आबा."